हजीऱ्याच्या पश्चिमेचा ठिपका

यंदा पोंक लवकर आला. कॉलेजातून परत येताना पुलापाशी गाड्या लागलेल्या दिसल्या. हिरव्या दाण्यांचे ढीग, बाजूला लिंबू-मिरीची शेव, आणि पोंकवड्यांच्या कढईभोवती अर्धं सुरत जमलेलं. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, पण हे वाक्य सुरतेत मोठ्याने म्हणायची सोय नाही. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, मात्र ते दर हिवाळ्यात म्हणतात, तेही गाडीवाल्याच्या तोंडावर. आमच्या अमळनेरकडे हा शेतात बसून फुकट खातात आणि तुम्ही त्याच्यावर शेव भुरभुरून त्याला वेगळं नाव ठेवलंत, असा त्यांचा आक्षेप असतो. तो नोंदवून झाला की दोन प्लेटा खातात.

पोंक दिसला की मला माझ्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा हिवाळा आठवतो. दुसऱ्यांना आठवतात त्या सहली, स्नेहसंमेलनं, कुणाचे तरी डोळे. मला आठवतो एक ठिपका. हजीऱ्याच्या पश्चिमेला, समुद्रात, आजूबाजूला काहीही नसताना चमकणारा. त्या ठिपक्याने आमच्या घरात जेवढी उलथापालथ केली तेवढी माझ्या लग्नानेही केली नाही.

तेव्हा आम्ही भेस्तानला एका ओळीतल्या खोल्यांत राहायचो. आप्पांची अर्धी उमर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, गेली, नंतर ते पलसाण्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये घडी-खात्यात लागले. लूम सुटले, पण लूमचा आवाज काही सुटला नाही. चारी बाजूंनी यंत्रं धडधडत असताना माणसाला माणसाशी बोलायचं तर ओरडावंच लागतं, आणि वर्षानुवर्षं तसं बोललेला माणूस घरी येऊन देवाची आरतीही त्याच पट्टीत म्हणतो. कानही अर्धे कामातून गेलेले. त्यामुळे आमच्या ओळीत कुणाच्या घरात काय चाललंय हे विचारायची वेळ कधी आली नाही. कुणाचा ताप उतरला, कुणाच्या मेव्हण्याने शब्द फिरवला, सगळं भिंतीतून आपोआप घरपोच.

अशा घरातल्या मुलीला प्रोजेक्टला विषय मिळाला तो क्रॉसटॉक. मी मागून घेतला नव्हता. मावसबहिणीच्या लग्नाला गावी गेले आणि परत येईपर्यंत पिकं, जंगलं, तापीचं पात्र असले देखणे विषय पोरांनी वाटून घेतले होते. आमच्या दक्षा मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि उरलेला विषय माझ्या ओटीत घातला. उपग्रहाच्या कॅमेऱ्यात वेगवेगळ्या प्रकारचा उजेड आणि उष्णता टिपणारे डिटेक्टर एकमेकांना खेटून बसवलेले असतात. प्रत्येकाने आपापलं बघायचं अशी अपेक्षा. पण एकाला फार तेजस्वी काही दिसलं की त्याचा थोडा अंश शेजाऱ्याच्या तारेत पाझरतो, आणि शेजारी बिचारा न बघितलेली गोष्ट बघितली म्हणून सांगत सुटतो. हा पाझर आहे का, असला तर किती, हे एका जुन्या उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायचं, असं माझं काम होतं.

मायला हे समजावून सांगायला मला जराही त्रास झाला नाही. तिचं स्वतःचं तेच दुखणं होतं. आमची आणि शोभाकाकूंची चूल एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. शोभाकाकू परभणीकडच्या, कुकर आमच्यासारखाच, आणि दोघींची डाळ चढायची वेळही एकच. माय भाकरी थापता थापता शिट्ट्या मोजायची आणि त्यात दोन-तीन शिट्ट्या हमखास काकूंच्या असायच्या. मग आमची डाळ कच्ची. माय मला दोष द्यायची, डाळीला द्यायची, दुकानदाराला द्यायची. काकू एकदा पुतणीच्या लग्नाला परभणीला गेल्या आणि आठवडाभर आमच्या घरात लोण्यासारखी डाळ शिजली, तेव्हा कुठे खरा गुन्हेगार सापडला. काकू परत आल्यावर मायने त्यांना काही बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या कुकरकडे बघायची तिची नजर बदलली ती बदललीच.

उपग्रहाच्या शेजाऱ्याला असं परभणीला पाठवता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ काय करतात, तर मधूनमधून अख्खा उपग्रह वळवून त्याला चंद्र दाखवतात. चंद्र एकटा आणि भोवती मिट्ट काळोख. काळोखात दुसरं काही दिसायचं कारणच नाही, तरी दिसलं तर तो पाझर. मी पहिल्यांदा तसलं चित्र उघडलं तेव्हा पूर्ण गोल, गोरापान चंद्र होता आणि त्याच्या बाजूला, जरा अंतर राखून, एक फिकट चंद्र उभा होता. लग्नाच्या फोटोत कडेला उगाच येऊन उभ्या राहिलेल्या दूरच्या नातेवाइकासारखा. मला त्याचं फार कौतुक वाटलं. कित्येक दिवस मी त्या खोट्या चंद्राची चमक मोजत बसायचे आणि आप्पा मागून येऊन विचारायचे, चंद्राचं बघून झालं असेल तर जेवायला वाढू का.

खरी गडबड झाली ती मी चंद्रावरून खाली उतरले तेव्हा. मॅडम म्हणाल्या, चंद्रावरचे आकडे ठीक आहेत, आता जमिनीवरची एखादी भडक गोष्ट घेऊन बघ. आमच्या अंगणात हजीरा. तिथल्या कारखान्यांच्या उंच चिमण्यांवर वायू जळत असतो, आणि उष्णता टिपणाऱ्या डोळ्याला ती ज्वाला वरून चांगली ठळक दिसते. मी रात्रीच्या फेरीतली चित्रं घेतली, कारण दिवसा जमीनच तापलेली असते आणि सगळंच एकमेकांत मिसळतं. हिवाळा होता, आकाश धुतल्यासारखं, एकही चित्र ढगात गेलेलं नाही. आणि प्रत्येक चित्रात ज्वालेच्या पश्चिमेला, खंबातच्या आखातात, तो ठिपका.

आता वाचणारा म्हणेल, बाई, तू पाझरच शोधत होतीस ना, मग दिसल्यावर डोकं का खाजवलंस? तर त्याचं कारण असं की तो माझ्या आकड्यांपेक्षा बराच जास्त चमकत होता. चंद्राच्या हिशेबाने पाझर एवढा मोठा असायला नको होता. समुद्रात गॅसच्या विहिरी असतात, जहाजं असतात, काहीही असू शकतं. मी चित्राचा एक प्रिंट काढला, ठिपक्याभोवती लाल पेनाने गोल केला आणि जेवताना सहज बोलून गेले, की समुद्रात कायतरी दिसतंय खरं, काय आहे ते कळत नाही.

हे वाक्य मी भाताबरोबर विसरले. आप्पा विसरले नाहीत. त्यांनी ते मनात जपून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पलसाण्याला जेवणाच्या सुट्टीत आपल्या जिवलग मित्राला, भटूतात्यांना, गुपित म्हणून सांगितलं. भटूतात्या आमच्या समाजमंडळाचे अध्यक्ष, आणि तेही जुने लूमवाले. आप्पांना एका कानाने कमी ऐकू येतं, तात्यांना दोन्हींनी. तेव्हा आप्पांनी त्यांना गुपित कसं सांगितलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

"भाऊ, कोणले सांगू नको," आप्पा म्हणाले, "मन्ही आंडेरले समुद्रमा कायतरी सापडनं." आंडेर म्हणजे आमच्या अहिराणीत मुलगी.

घडी-खातं, रंग-खातं आणि बाहेर उभा असलेला टेम्पोवाला, सगळ्यांनी कोणाला सांगायचं नाही असं तिथल्या तिथे ठरवलं.

संध्याकाळी ती बातमी आमच्या ओळीत माझ्याआधी पोचली होती. मी बसमधून उतरले तर शोभाकाकू दारात उभ्या. सापडलं ते सोन्याचं आहे का असं त्यांनी हळूच विचारलं आणि मी नाही म्हटल्यावर, आमच्या काही मनात नाही गं, म्हणून आत गेल्या. पुढच्या आठवड्यात त्या ठिपक्याची वाढ अशी झपाट्याने झाली की मूल असतं तर शाळेत गेलं असतं. कोणी म्हणे तेलाची विहीर, कोणी म्हणे बुडालेलं देऊळ. एकाने तर दिवा अजून तेवत असल्याचंही सांगितलं. आप्पा कुठलीच गोष्ट खोडून काढत नसत. फक्त मान हलवून म्हणत, तिचं काम चालू आहे, आत्ताच काही बोलता येणार नाही. हे वाक्य ते अगदी शास्त्रज्ञाच्या गांभीर्याने बोलायचे.

मला सल्लेही मिळाले. आप्पा स्वतः घडीवरचे असले तरी रंगाईत आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं ठाम मत. एका रंगाच्या बाजूला दुसरा फुटत असेल तर मीठ वाढवायचं, एवढं त्यांना माहीत. उपग्रहात मीठ कुठून घालणार हा प्रश्न त्यांनी माझ्यावर सोडला.

आज मागे वळून बघताना वाटतं, पाझराचा विषय मला मिळाला नव्हता, मी त्यात जन्मलेच होते. आमच्या घरात आप्पा-माय अहिराणी बोलणार, मी शाळेतली मराठी, भाजीवालीशी गुजराती, मिलमध्ये हिंदी, आणि संध्याकाळी जेवताना या चारही एका वाक्यात. माझी मुलगी आज मला "मम्मी, हूं जाऊं छूं, भूक लागली की येते" असं म्हणते आणि तिला त्यात कुठे जोड दिसत नाही. कॉलेजात मी पोरांना शिकवते की पाझर मोजायचा आणि चित्रातून वजा करायचा. घरी आल्यावर काय वजा करायचं हे मला आजवर कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर करावंसंही वाटत नाही.

असो. ठिपक्याकडे येते. इकडे मंडळाने माझा सत्कार ठरवला होता. दर पोंकाच्या मोसमात आमच्या समाजाचा मेळावा भरतो, त्यात गुणवंत विद्यार्थ्यांना शाल आणि नारळ मिळतो. दहावी-बारावीची मुलं रांगेत उभी करून दहा मिनिटांत उरकतात. पण त्या वर्षी तात्यांनी माझ्या एकटीच्या नावाचा बॅनर लावला. माझा पासपोर्टचा फोटो एवढा ताणला होता की माझे कान एकमेकांपासून फार लांब गेले होते, आणि खाली लिहिलं होतं, समुद्रात नवा शोध लावणारी खान्देशकन्या. आप्पांनी सफारी शिवायला टाकली.

सफारीचं हसू येतं, पण त्यामागचं मला ठाऊक होतं. आप्पा त्या मेळाव्याला इतकी वर्षं गेले, ते सतरंज्या उचलायला. त्यांची जागा शेवटच्या रांगेत, दाराशी, म्हणजे काही कमी पडलं तर धावता येईल. स्टेजवर त्यांना कोणी कधी बोलावलं नव्हतं. उलट मला पुढे शिकवलं म्हणून चार माणसांत टोमणेच मिळाले. माझ्या मामांनी तर भर पंगतीत विचारलं होतं, भाचीचं लगीन त्या उपग्रहाशीच लावणार का. आप्पा तेव्हा हसले होते आणि घरी येऊन जेवले नव्हते. या वेळी ते माझ्या शेजारी स्टेजवर बसणार होते. सगळ्या टोमण्यांचं उत्तर त्या ठिपक्यात होतं.

आणि त्याच आठवड्यात मी पडताळा म्हणून दिवसाच्या फेरीतली चित्रं उघडली. गोष्ट साधी आहे. उपग्रह रात्री उत्तरेकडून दक्षिणेला जात होता, दिवसा दक्षिणेकडून उत्तरेला. म्हणजे कॅमेऱ्याची डावी बाजू रात्री एकीकडे, दिवसा दुसरीकडे. समुद्रात खरोखर काही असतं तर ते दिवसाही तिथेच राहिलं असतं, विहीर काही बाजू बदलून झोपत नाही. पण दिवसाच्या चित्रात पश्चिमेचा समुद्र रिकामा होता. धूसर का होईना, ठिपका पूर्वेला आला होता, ज्वालेपासून तेवढ्याच अंतरावर, शहराच्या बाजूला, कुणाच्या तरी शेतात. मी दहा वेळा बघितलं. मग चंद्राचे आकडे पुन्हा काढले आणि तिथे माझीच एक पायरी राहून गेली होती हे दिसलं. ती धरली तर ठिपक्याची चमक बरोबर जुळत होती. तिथे काहीच नव्हतं. हजीऱ्याची ज्वाला शेजारच्या डोळ्यात पाझरत होती, एवढंच.

दक्षा मॅडमना सांगितलं तर त्यांना आनंद आवरेना. "जया, आ ज तो तारुं काम छे," हेच तर तुझं काम, असं त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या डब्यातला ढोकळा मला दिला. बरोबरच होतं त्यांचं. पाझर किती ते मोजायला मी बसले होते आणि तो मोजून झाला होता. पण मॅडमना भेस्तानमधला बॅनर माहीत नव्हता.

आप्पांना सांगायला हवं होतं. पण कसं? आप्पांना हळू सांगितलेलं ऐकू येत नाही, आणि मोठ्याने सांगायचं तर शोभाकाकूंच्या पलीकडच्या चार घरांना एकदमच सांगणं. मी त्यांना फिरायला म्हणून बाहेर काढलं, तर रेल्वेलाइनच्या कडेला पोचल्यावर मालगाडी आली आणि संपेचना. पोंकाच्या गाडीवर नेलं, तर तिथे ते गाडीवाल्याशी हुरड्यावरून भांडायला लागले. कागदावर लिहून दाखवलं असतं, पण सफारीच्या मापाला गेले तेव्हा ते चष्मा शिंप्याकडेच विसरले होते. मायला सांगितलं, तर ती म्हणाली, कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बघू. तिची चूक नव्हती. तिने त्या सफारीला स्वतः इस्त्री केली होती.

रविवारी दुपारी मेळाव्याला निघालो. आप्पांची मोपेड, मी मागे. उधना रोडच्या गोंगाटात मी त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं. ठिपका खोटा आहे, समुद्रात काही नाही, कॅमेऱ्याचा दोष आहे. आप्पा म्हणाले, हां हां. त्यांनी काय ऐकलं ते मला कळलं नाही, आणि पुन्हा ओरडायचा धीर झाला नाही.

हॉल भरलेला होता. तात्यांनी भाषण केलं, त्यात मी शोधलेलं काय आहे ते सोडून बाकी सगळं होतं. मला शाल दिली, नारळ दिला, आणि मग मोठ्या सोनेरी चौकटीत बसवलेली एक तसबीर आप्पांच्या हातात दिली. माझाच प्रिंट. आप्पांनी तो घरातून गुपचूप नेऊन दिला होता आणि तात्यांनी चांगला मोठा करून घेतला होता. लाल गोलासकट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माइक माझ्याकडे आला.

मी आप्पांकडे बघितलं. ते तसबीर छातीशी धरून ताठ बसले होते. नुसते आभार मानून खाली बसणं मला सहज जमलं असतं, तिथे कुणी माझी परीक्षा घेणार नव्हतं. पण समोर पहिल्या रांगेत दहावीच्या मुली बसल्या होत्या, माझ्याकडे डोळे मोठे करून. मला त्यांच्यापुढे खोटं बोलवेना. मी सांगितलं. हजीऱ्याची ज्वाला फार तेज आहे, ती कॅमेऱ्याच्या शेजारच्या डोळ्याला लागते, म्हणून समुद्रात उजेड दिसतो. रात्री पश्चिमेला दिसतो, दिवसा पूर्वेला. तिथे काही नाही.

मागून माझ्या मामांनी विचारलं, "म्हणजे तठे काहीच नई शे?"

"नाही," मी म्हणाले.

आधी एक जण हसला, मग बरेच. वाईट मनाने नव्हे, पण हसले. तात्यांना ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे ते टाळ्या वाजवत राहिले. आप्पा तसबिरीकडे बघत होते. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही, आणि त्या क्षणी मला इतकं वाईट वाटलं की शाल काढून तोंड झाकून घ्यावंसं झालं.

घरी आल्यावर आप्पांनी सफारी काढून खुंटीला लावली, पाणी प्यायले, मग माझ्यासमोर येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"तू सांगतीच नई, तं बठ्ठासनी खरं मानी लिधं असतं?"

हो, सगळ्यांनी, मी म्हणाले.

"मोठा मोठा सायेबसनी बी?"

कदाचित त्यांनीही, मी म्हणाले, दिवसाची चित्रं उघडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीत खिळा ठोकल्याच्या आवाजाने मला जाग आली. पलीकडून शोभाकाकूंनी काय पडलं म्हणून विचारलं. आप्पांनी ती तसबीर देवांच्या फोटोंच्या रांगेत, अगदी दारातून आल्या आल्या दिसेल अशी लावली होती. मी म्हटलं, आप्पा, अहो, काढा ती, लोक हसतील. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि त्यांनी ऐकलं नाही.

मग जो येईल त्याला ते तसबिरीपुढे उभं करू लागले. मामा आले, त्यांना. दूधवाल्याला. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही, आधी पोहे नाहीत, आधी ठिपका. माणूस बराच वेळ निरखून बघायचा आणि विचारायचा, हे समुद्रात काय चमकतंय? आप्पा जणू त्याच प्रश्नाची वाट बघत असायचे. लाल गोलावर बोट ठेवायचे, आणि अख्ख्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे,

"तठे काहीच नई शे. हाई मन्ही आंडेरनी शोधी काढं."